प्रोफाइल सापडत नाही

आर्मिंदाबाईंची फाइल पणजीहून आली,
भाच्याने केलेली, त्याच्या प्रोग्राममध्ये.
माझ्या प्रोग्रामने तिला उंबऱ्यावरच अडवलं:
सोबत रंगांचं प्रोफाइल नाही.
आहे तसं ठेवू, की आपल्यात बदलून घेऊ?
खाली दोन गोल. एकात टिंब द्यायचं.

घाईत होते. दिलं.

लेबल भिरंडाच्या आगळाचं,
पाच हजार नग, मेअखेरच्या आत.
पडद्यावरचा लाल असा
की शेजारच्या चहाच्या पेल्याला त्याची झळ लागावी.
प्रूफ निघालं तेव्हा जांभ्याचा चिरा.

बाई म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून थेट आल्या,
काखेत नवी केरसुणी.
प्रूफ दारात नेलं, उजेडाला धरलं.
(शेजारच्या भांडीवाल्याची निळी ताडपत्री
अकरा वाजेपर्यंत आमचा सगळा उजेड निळा करते,
हे सांगायचं राहिलं.)
म्हणाल्या,
"हो म्हजो रंग न्हय."

मी सांगू लागले:
पडदा उजेडाने रंगवतो, आम्ही शाईने.
उजेडात उजेड ओतला की उजळतो,
शाईत शाई ओतली की चिखलाकडे सरकते.
काही लाल आमच्या चार डब्यांत
नसतातच, बाई.
भाच्याने पाचवी, खास शाई नेमली होती,
वाटेत ती चौघांत वाटली गेली:
सायन बारा, मॅजेंटा शंभर, पिवळा बासष्ट, काळा अठरा.

"काळा कोणी घातला?"

कोणीच नाही.
एका प्रोग्राममधून दुसऱ्यात जाताना
मधल्या जागेत तो आपोआप येतो.

(आजोबांच्या नावातला श्वास असाच गळाला होता.
खांडेपारकर पोर्तुगीज खात्यात शिरले
ते कांदेपारकर होऊन.
परत येताना घर एकाच्या नावावर, माणूस दुसरा.
दोघे एकच, एवढं सिद्ध करायला
बाबांना कोर्टात अकरा वर्षं लागली.
हेही बाईंना सांगितलं नाही.)

त्यांनी पिशवीतून बाटली काढली, बूच फिरवलं,
आणि प्रूफच्या कोऱ्या कडेवर,
कापायच्या खुणेच्या बाहेर,
एक थेंब सोडला.
"हो म्हजो."

मशीनवरून पुतू मास्तर आले, हात पुसत.
चष्मा कपाळावरच ठेवून थेंबाकडे पाहिलं,
जसं कुणी दुसऱ्याच्या पोराकडे पाहतं,
कुणावर गेलंय ते शोधत.
"काळा काढ. सायनही काढ. उरलेलं मी मशीनवर बघतो."

भाच्याला फोन केला. मूळ फाइल, प्रोफाइलसकट.
तोवर बाई मागच्या नळावर हात धुवायला गेल्या
आणि तिथूनच हाक मारली.
आगळाच्या बोटांना साबण लागला होता,
लाल जांभळं झालं, जांभळं शेवाळी,
आणि फेस कुठल्याच डब्यातला नव्हता.
बाई हसत सुटल्या.
"हाकाय प्रोफायल ना?"

फाइल आली. प्रश्नही आला, तोच.
या वेळी वाचला. दुसऱ्या गोलात टिंब.
दुसरं प्रूफ. मग तिसरं.
तिसरं घेऊन बाई दारात उभ्या राहिल्या खूप वेळ,
ताडपत्रीचा निळा केव्हाच उतरला होता,
आणि मान अशी हलवली
की हो म्हणायला मी घाबरले.

टेबलावर पहिलं, नाकारलेलं प्रूफ पडून होतं.
त्याच्या कडेवरचा थेंब वाळला होता,
तपकिरी, जांभ्याच्या चिऱ्यासारखा,
शेजारच्या छपाईशी तंतोतंत जुळणारा.

पुतू मास्तरांनी पाहिलं. मी पाहिलं.
बाईंनी केरसुणी उचलली.

जॉबच्या पाकिटावर, रंगाच्या रकान्यात,
मी लिहिलं:
दुपारी साडेबाराचा.